दक्षिणेकडचा चुलतभाऊ

आतल्या खोलीत चिकटपट्टी चर्रर्र करून ओढली गेली, आणि घर पुन्हा गप्प झालं.

जेवणाच्या टेबलावर तिने डायनोसॉरचं तोंड कापून बाजूला ठेवलं होतं. कुत्र्याएवढा मातीचा शिकारी, मागच्या पायाच्या एका बोटावर कोयत्यासारखं नख, अंगभर पिसं. पिसं तिने लेकीच्या जुन्या टूथब्रशने उमटवली होती. संग्रहालयाने तिच्याकडे सोपवलेलं हे पहिलंच काम, आणि नेमकं तोंडच चुकलं. चित्रांतले उत्तरेकडचे शिकारी बघून तिने आखूड, दणकट तोंड केलं. हा तर दक्षिणेकडच्या खंडांवरचा. ह्याचं तोंड लांब, निमुळतं, दात बारीक.

"बाबा काय चिकटवतोय?" समोर बसून तार वाकवत ठकूने विचारलं.

"पुस्तकं भरतोय खोक्यात."

संध्याकाळी टेंपो यायच्या आत ठकूला सांगायचं होतं, की बाबा आता दुसऱ्या घरात राहणार, कायमचा. सांगायचं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. कोणी, ते ठरवायचं राहून गेलं होतं.

फोन वाजला. संग्रहालयातले सर. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"झालं का तोंड लांब?"

"करतेय. पण सर, पाटीवर ह्याला कोणाचा नातलग म्हणायचं?"

"तीच तर भानगड आहे. आमच्यातले एक म्हणतात, उत्तरेकडच्या शिकाऱ्यांचा चुलतभाऊ. दुसरे म्हणतात, छे, हा पक्ष्यांना जास्त जवळचा. काल चहा गार होईस्तोवर भांडत होते. तुम्ही आपलं तोंड बसवा, नात्याचं मागाहून बघू."

तिने फोन ठेवला. नातं माहीत नसताना चेहरा कसा करायचा, हे विचारायचं राहिलंच.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "तुझ्याकडची चिकटपट्टी देतेस? माझी संपली." मग आवाज खाली आणून, "सांगितलंस?"

"तू सांगणार होतास ना?"

"मी? मला वाटलं तू. तुझं बोललेलं तिला नीट समजतं."

"मलाच समजत नाहीये, तर तिला काय समजावू?"

त्याने टेबलाकडे पाहिलं. "ह्याचं तोंड कुठे गेलं?"

"दुसरं बसवायचंय."

त्याने मान हलवली, पट्टी घेतली आणि आत गेला. थोड्या वेळाने आतूनच म्हणाला, "कुकर तुला ठेवलाय हं." ह्यावर बरं म्हणायचं की रडायचं, तिला कळेना. ती माती मळत राहिली.

"आई, चुलतभाऊ म्हणजे एकाच घरातले ना?" ठकूने विचारलं. फोनवरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"हो. म्हणजे, आधी सगळी जमीन एकच होती. मग ती मधून फाटली. ह्यांच्यातले काही उत्तरेला राहिले, काही दक्षिणेला. तिकडच्यांची तोंडं तशी झाली, इकडच्यांची अशी."

"फाटली तेव्हा मोठा आवाज झाला?"

"अगं नाही. आपली नखं वाढतात ना, तेवढ्या हळू सरकत गेली."

ठकूने अंगठ्याचं नख डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. काहीच सरकताना दिसलं नाही. "मग त्यांना कळलं कसं?"

"कळलंच नसेल. रोजचं चालूच होतं. शिकार करायची, खायचं, पिल्लांना घेऊन झोपायचं. कोणी काही ठरवलं नव्हतं. आणि मग बघतात तर मध्ये समुद्र."

बोलता बोलता ती थांबली. हात मातीने भरलेले, पुसायला फडकं सापडेना. तिने ते तसेच गाऊनला पुसले आणि खुर्ची ठकूजवळ ओढली.

"ठकू, ती तार ठेव खाली. मला तुला एक..."

"थांब ना, आधी माझं." ठकूच्या कपाळावर आठी पडली होती. "मोठ्यांनाच जर कळलं नव्हतं, तर पिल्लांना कोणी सांगितलं?"