पाच प्रकरणे निकाली

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या डीएनए विभागात, प्रमुखांनी फलकावरील प्रलंबित प्रकरणांचा आकडा स्वहस्ते पाचने कमी केला. पाच मुलींच्या खुनांच्या पाचही पाकिटांतील नमुने एकाच माणसाशी जुळले होते.

पाचव्या मुलीचे वडील दोन वर्षे दरमहा तेथे खेटे घालीत होते. प्रमुखांनी त्यांना खुर्ची दिली.

"काका, एका फटक्यात पाच निकाली. सुटलात चकरांतून."

"पहिलं पाकीट कधी आलं होतं?"

"सहा वर्षांपूर्वी. तेव्हाच पकडला होता त्याला, पण आमचा अहवाल नाही म्हणून सुटला. आता कुठे नंबर लागला."

वडील उठले.



"ते तेव्हाच उघडलं असतं साहेब, तर माझ्या मुलीचं पाकीट तुमच्याकडे आलंच नसतं."