मिकेसच्या वाटचे गहू

"शेवटचं कडवं पुन्हा वाच," सेवास्ती म्हणाली. गॅसवर गहू रटरटत होते. उद्या मृतात्म्यांचा शनिवार. आईवडिलांच्या नावाने गोड गहू करून चर्चमध्ये न्यायचे होते.

थेमेलिसने, तिच्या धाकट्या भावाने, चष्मा पुसला आणि वाचलं. कवितेत त्यांचा थोरला भाऊ मिकेस स्पंज काढायला बुडी मारतो, दोर सैल पडतो आणि होडी त्याच्याविना बेटावर परतते.

"संपवलास त्याला," ती म्हणाली. "आईला जन्मभर जे जमलं नाही ते तू चार ओळींत केलंस. शाबास."

खरा मिकेसही असाच स्पंज काढायला समुद्रावर गेला, तो परतलाच नव्हता. देह हाती लागत नाही तोवर मिकेसच्या नावाने दाणाही शिजवायचा नाही, ही आईची आण. आई गेली, आण सेवास्तीने चालवली. पाद्रीबाबा जिवंतांसाठी प्रार्थना म्हणायचे तेव्हा ती त्यात मिकेसचं नाव घ्यायला लावी. अख्ख्या कालिम्नोस बेटाला हे ठाऊक होतं, पण तिच्यासमोर कोणी ब्र काढत नसे. थेमेलिसनेही आजवर कवितेत मिकेसला धक्क्यावरच उभं ठेवलं होतं. निघालेला, पण न गेलेला. आता त्याचीही सत्तरी उलटली होती. भावाला असं अधांतरी ठेवून मरणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"नको असेल तर खोडतो, ताई." त्याने पेन काढलं.

"थांब रे, शहाण्या. तुझ्या कवितेत केवढा आहे तो?"

"होता तेवढाच. बावीस."

"आणि मी?"

"एकोणीस. धक्क्यावरून हात हलवतेयस."

सेवास्तीने आपल्या सुरकुतल्या हातांकडे पाहिलं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"मी त्याला माझ्याबरोबर म्हातारा करत आले रे. थंडी पडली की वाटायचं, त्याचेही गुडघे दुखत असतील. डोक्यावर केस तरी उरले असतील का?"

मग उठून तिने दुसरं लहान पातेलं चढवलं आणि त्यात ओंजळभर गहू ओतले.

काहीतरी करायचं म्हणून थेमेलिसने गव्हात घालायचे बदाम कुटायला घेतले. तिने त्याच्या हातातून बत्ता काढून घेतला.

"मिकेसचे अख्खे राहू देत. पोराला सगळे दात आहेत."