दगडाची परवानगी

कॅनडातल्या अनिशिनाबे या आदिवासी समाजातल्या मार्लीन मॅडम तीस वर्षं दगड आणि धातूत शिल्पं करत आल्या होत्या. भाऊ गेल्यापासून मात्र त्या फक्त धातूत काम करायच्या. सोलापूरच्या शिल्पकारांच्या शिबिरातही लोखंडाचंच शिल्प ठरलं होतं, पण आवारात उतरवलेल्या एका काळ्या दगडापाशी त्या सकाळपासून नुसत्या बसून होत्या. दगड पुरवणारी यल्लव्वामावशी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या घरातली. तिनं मला विचारलं, "मॅडमला दगूड पसंत न्हाय व्हय?" मी तिथं दुभाषी होते. म्हटलं, "पसंत आहे गं. पण त्यांच्यात दगड जिवंत मानतात. त्यांचा भाऊ आधी तंबाखू वाहून दगडाची परवानगी घ्यायचा, मगच या छिन्नी उचलायच्या. आता भाऊ राहिला नाही." मावशीनं कमरेची चंची सोडली, चिमूटभर तंबाखू दगडावर ठेवली आणि हात जोडले. "सांग त्यास्नी, आमच्यात बी पाया पडल्याबिगार घाव घालत न्हाईत. भाऊ न्हाय तर न्हाय, बहीण हाय की हितं." मी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. दगडावर तळहात टेकून त्या हळूच त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. ती भाषा मला येत नव्हती. मावशी मात्र "व्हय" म्हणाली आणि तिनं छिन्नी त्यांच्या हातात दिली.