आयता खिळा

तुला काय आवडतं, हे भाविकाला माहेरी कुणी विचारलं नव्हतं, सासरीही नाही. नंदुरबारच्या नव्या कॉलनीतलं घर मात्र ती स्वतःच्या मनासारखं सजवत होती. पथारीवर वाळणाऱ्या मिरचीसारखे लाल पडदे, पितळी कड्यांचा झोपाळा.

आरशासाठी तिने भिंतीवर खूण केली. खिळा न ठोकताच आत गेला. रंगाखाली आधीच भोक होतं.

घड्याळाचंही तेच झालं, तोरणाचंही. आपली आवड कुणीतरी वापरून टाकल्यासारखं तिला वाटलं.

"आपला पहिले आठे कोणी ऱ्हायेल शे का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कोणीच नही. घर नवंकोरं शे," धीरज म्हणाला.

दक्षिणेची भिंत तिने मोकळी ठेवली. त्या भिंतीवर वारलेल्या माणसांचे फोटो लावतात.

दुपारी धीरज हौसेने तिचा एकटीचा फोटो मोठा करून, फ्रेम लावून घेऊन आला. ती पाणी घेऊन येईपर्यंत त्याने तो त्याच भिंतीवर टांगलाही.

"खिळा आयताच व्हता," तो म्हणाला.

भाविकाने झटकन फोटो उतरवला. मागे नव्या रंगावर फ्रेमच्याच मापाचा फिकट चौकोन होता, आणि खिळ्याला झेंडूच्या हाराचा जुना, कुजलेला दोरा.