ध्रुवाकडचं गायरान

विद्यानगरच्या घरात दीपमाला बॅगेत स्वेटर भरत होती. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रतळाखाली तेल आणि वायू किती आहे, हे शोधणाऱ्या जहाजावर तिची निवड झाली होती. तिच्या आईला, विठाबाईंना, मात्र वेगळंच कुतूहल होतं.

"ती जागा कुणाची गं?"

"अजून ठरलं नाही. चार-पाच देश आमचीच म्हणतात."

"हौ, म्हंजे गायरानच की. मारामाऱ्या तर नाहीत ना तिकडं?"

"नाही गं माय. आम्ही नुसतं मोजून येणार."

विठाबाईंनी आणखी एक स्वेटर घडी करून तिच्या हातात दिला.

"आपल्या गावच्या गायरानावरही मोजणी होईपर्यंत मारामाऱ्या नव्हत्या. तू मोज खुशाल. फक्त आकडा सांगायच्या आधी घरी ये."