रिफ्यूज आणि डिनाय

“रिफ्यूज आणि डिनाय. मराठीत दोन्हींना आपण नाकारणंच म्हणतो. मंग फरक काय, सांग बरं!”

मुकुंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला. अंबडला मुलीच्या घरच्या बैठकीत तोंडी परीक्षेची शांतता पसरली. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून ते जालन्यात रिटायर झाले होते. परीक्षकपण तेवढं रिटायर व्हायला तयार नव्हतं. घरातल्या दोन्ही सुना त्यांनीच पास केल्या होत्या. एकीला ग्रेस मार्क द्यावे लागले, हे ते तिच्या लग्नाच्या पंगतीत सांगत फिरले होते. आज पुतण्या सुयशसाठी मुलगी बघायची पाळी होती.

मुलगी, गंधाली, इथल्याच कोर्टात वकिली करायची. ती आणि सुयश नुकतेच गच्चीवर बोलून खाली आले होते. तेव्हापासून सुयशची मान वर होत नव्हती. पोरगा लाजून राह्यला, असं मुकुंदरावांना वाटलं.

“मराठीतही वेगवेगळे शब्द आहेत, काका,” गंधाली म्हणाली. “कुणी आपल्याबद्दल काही म्हटलं आणि आपण ते खरं न्हाई म्हणालो, तर नाकबूल केलं. ते डिनाय. समोर आलेली गोष्ट नको म्हणालो, तर नकार दिला. ते रिफ्यूज.”

“बराबर! आणि व्याकरण?”

“डिनायपुढं आयएनजीचं रूप. रिफ्यूजपुढं टू आणि मूळ क्रियापद.”

पोरगी आपणच घडवली असावी, अशा थाटात मुकुंदरावांनी तिच्या आईवडिलांकडे पाहिलं. “वाक्यात उपयोग कर.”

“सुयश डिनाइड बीइंग एंगेज्ड बिफोर.” गंधालीचा आवाज चढला नाही. “आधी साखरपुडा झालाच न्हाई, असं मला आत्ता वर सांगितलं यांनी. जाफराबादची ती मुलगी माझी मैत्रीण आहे. साखरपुड्याला मी गेल्ते. नंतर तुमच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली, म्हणून तुम्ही तो मोडला.”

सुयशच्या आईनं पर्स मांडीवर ओढून घेतली. पुढचं वाक्य मागायची मुकुंदरावांना हिंमत होईना. गंधालीनं ते न मागताच दिलं.

“आय रिफ्यूज टू मॅरी हिम.”

त्या खोलीत इंग्रजी न येणाऱ्यांनाही ते कळलं. तिचे वडील पोरीकडे बघतच राहिले.

“बिलकुल बराबर,” चाळीस वर्षांच्या सवयीनं मुकुंदरावांच्या तोंडून निघून गेलं.