बिनआमेनचा भात

भात वाढून पाऊण तास झाला होता. लाखोळीच्या वरणावर साय धरली होती आणि ताटासमोर रीना हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसली होती. ओठ हलत होते. सकाळपासून मोहफुलं वेचून आलेली तिची आई बुधरी समोर उपाशीच बसली होती. पोरीच्या आधी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"प्रभू येशूच्या नावाने मागते," इथवर रीना नीट यायची. मग आमेन म्हणायच्या तोंडावर डोक्यात तो घाणेरडा विचार शिरायचा, माय मरू दे. प्रार्थना बाटायची. बाटलेली प्रार्थना देवाकडे पाठवली आणि माय खरंच मेली तर? म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या मॅडमनी या आजाराला मंत्रचळ म्हणतात असं सांगितलं, तेव्हा बुधरी चिडलीच होती. "आमच्या घरात मंत्र नाई चालत, मॅडम. आमी प्रभूचे लोक." मॅडमनी तिला समजावलं, गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, जेवणानंतर. आता जेवणच सुरू होईना, तर नंतर कुठून येणार? आठ दिवसांत पाकिटातल्या दोनच गोळ्या कमी झाल्या होत्या. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती.

आज त्यांच्या चर्चचे खुशाल पास्टर पोंभुर्ण्याहून मुद्दाम आले होते आणि ताट घेऊन तिच्या शेजारीच बसले होते. काल बुधरी पुन्हा दवाखान्यात गेली, तेव्हा तेही बरोबर होते. मॅडमनी दोघांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. प्रार्थना एकदाच, बिघडली तर बिघडलेलीच राहू द्यायची. आणि 'मायले काही होणार नाही ना' असं मुलीने विचारलं, तर 'नाही होत' असं कोणीही म्हणायचं नाही. दिलेल्या धीरावरच हा आजार पोसतो, असं त्यांचं म्हणणं. बुधरीला ही दुसरी गोष्ट मुळीच पटली नव्हती. मायनं धीर नाही द्यायचा तर काय द्यायचं?

पास्टरांनी घसा खाकरला. "रीना, डोळे उघड. आज मी करतो प्रार्थना."

रीनाचा चेहरा सैल झाला. पास्टरांची प्रार्थना थोडीच बाटणार होती!

पास्टरांनी भातासाठी, रानासाठी, या घरासाठी देवाचे आभार मानले. "हे सगळं प्रभू येशूच्या नावाने मागतो," म्हणाले आणि थांबले. वीस वर्षांच्या सवयीनं बुधरीचं तोंड 'आ' पर्यंत उघडलं. पास्टरांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग भात कालवला आणि घास तोंडात टाकला.

"पास्टर, आमेन राह्यलं," रीना घाबरून म्हणाली.

"राहू दे."

"तुमीच तं सांगत होते जी. आमेन म्हणजे कुलूप. नाई लावलं तं सैतान आत घुसते."

पास्टरांना ते आठवलं. बारा वर्षांपूर्वी, संडे स्कूलमध्ये. शिजत्या भाताचा वास आला की पोरं प्रार्थना अर्ध्यात टाकून पळायची, म्हणून त्यांनी ही कुलपाची गोष्ट रचली होती. बाकीची पोरं हसली आणि विसरली. या एकीनं ते जिवाला लावून घेतलं होतं. त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

"चुकलो मी तवा," ते म्हणाले. "पोरायले बसवासाठी बोललो. शास्त्रात नाई तसं कुठी."

"मंग देवानं आयकलं का आता?"

"त्याचं तो पाह्यन. तू घास घे."

रीनाने घास उचलला. ओठ पुन्हा हलू लागले. पास्टर नुसतं "रीना" म्हणाले, तसे ओठ थांबले. तिने आईकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते.

"माय, तू मरशीन तं?"

हा प्रश्न बुधरी दिवसातून पन्नासदा ऐकायची आणि पन्नासदा एकच उत्तर द्यायची. आत्ताही ते जिभेवर तयार होतं. काई होत नाई वो, मी आहो न इथी. पोरीला ओढून पोटाशी धरावं आणि तेवढंच सांगावं, म्हणून तिचा जीव तुटत होता. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. पास्टर भाताकडे बघत राहिले. या कामात त्यांची मदत होण्यासारखी नव्हती.

मग बुधरीने पदर खाली घेतला.

"मरीन तं मरीन," ती म्हणाली. "तू जेव."

रीना हबकून तिच्याकडे बघत राहिली. मग हातातला घास तिनं तोंडात घातला. चावताना तिची नजर आईवरून हलली नाही. आणि बुधरी तिच्यासमोर ताठ बसून राहिली, आपला श्वास चाललेला पोरीला नीट दिसावा म्हणून.